चारशे तेरावी खेळी

मी माफ करणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात माफ करायचं काम माझ्या नवऱ्याकडे, शशिकांतकडे आहे. तो नाशिकचा, तोंडात साखर, सगळ्यांना सोडून देतो. मी शामला, जळगावची, आणि मी डूख धरते.

चौऱ्याहत्तर साली जळगावात मुलींचं सॉफ्टबॉल होतं आणि चांगलं होतं. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. बॉल जरा मोठा, आणि पिचर तो खालून, हात गरकन फिरवून टाकते. मी पिचर होते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या संघात माझं नाव लागलं, आईनं प्रवासासाठी दशम्या आणि चिवडा बांधून दिला, आणि स्टेशनवर पोचल्यावर कळलं की माझ्या जागी संघटनेच्या सेक्रेटरींची भाची चालली आहे. तिला बॉल धड झेलता येत नव्हता. मी चिवड्याची पिशवी घेऊन रिक्षानं घरी परत आले. ही हकिकत मी कुवेतमध्ये, चोवीस वर्षांनीसुद्धा, काल घडल्यासारखी सांगायचे, आणि आमची तेरा वर्षांची जुईली डोळे फिरवून म्हणायची, "मम्मा, इट वॉज जस्ट अ गेम."

गेम म्हणे. ज्याची जागा गेली नाही त्यानं खुशाल म्हणावं.

आम्ही फिंतासला राहायचो. शशिकांत रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होता. तो सकाळी साडेपाचला बसनं गेला आणि जुईली शाळेत गेली की मी इमारतीच्या मागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून त्यात बॉल मारत बसायची. रोज शंभर. चाळिशीतल्या बाईनं हे करावं की नाही, यावर वरच्या मजल्यावरच्या बायकांची मतं होती, आणि ती मला कळवण्यात आली होती.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात एका सकाळी माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. तळमजल्यावरचा नवा भाडेकरू, वेंडेल प्रायर. अमेरिकन, काळा, सहा फुटांच्या वर, डोक्यावर पांढरे बारीक कुरळे केस, आणि उजवा गुडघा न वाकणारा. एका ठेकेदार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो क्रेन आणि बुलडोझरवर देखरेख करायचा.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"पी.टी.च्या सरांनी. जळगावला."

"जळगाव," तो म्हणाला, जणू पत्ता लिहून घेत होता. मग घरात जाऊन एक जुनाट ग्लव्ह घेऊन आला, भिंतीपाशी मोठ्या कष्टानं स्टुलावर बसला आणि म्हणाला, "टाका."

मी टाकले. पाचव्या बॉलनंतर त्यानं ग्लव्ह काढून तळहात झटकला आणि हसला. माझ्या बॉलिंगला तेवीस वर्षांत कुणी हात झटकला नव्हता. त्या दिवसापासून तो माणूस माझा झाला, हे मी शशिकांतलाही सांगितलं, आणि तो नेहमीप्रमाणे "बरं" म्हणाला.

अहमदीच्या मैदानावर दर हिवाळ्यात सॉफ्टबॉलची लीग व्हायची. शुक्रवारी सकाळी सामने. अमेरिकन ठेकेदारांचा संघ, फिलिपिनोंचे दोन, जपानी कंपनीचा एक. त्या वर्षी प्रायरनं आम्हा मराठी मंडळींचा संघ उभा केला. तो कोच, मी पिचर. मागे बॉल पकडायला मयूर, पुण्याचा पोरगेलासा प्रोसेस इंजिनिअर. आणि कासम. कासम दापोलीकडचा, अब्बासियात त्याचं किराण्याचं दुकान होतं. त्याला घेण्याचं खरं कारण त्याची नऊ जणांना बसवणारी व्हॅन हे होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

आता आमच्या लोकांचा घोळ सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या हाडात क्रिकेट. बॉल मारला की बॅट तिथंच टाकून पळायचं असतं, तर हे बॅट घेऊन पळायचे आणि बेसपाशी, म्हणजे पळून गाठायच्या ठिकाणापाशी, पोचले की वाकून बॅट टेकवायचे. प्रायर ओरडायचा, "लाकूड टाका, लाकूड." दुसरा घोळ त्याहून मोठा. बॅटच्या टप्प्याबाहेर गेलेला बॉल सोडून द्यायचा असतो. असे चार बॉल पडले की बॅट्समनला आयता पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. पण ऑफ स्टंपच्या बाहेर बॉल दिसला की आमच्या माणसाचा पाय आपोआप पुढे जातो. बॅट धरून उभं राहायचा फक्कीनं आखलेला चौकोन असतो, त्याच्या पार बाहेर पाऊल टाकून मारलं तर बाद. कासम दर सामन्यात तसा बाद व्हायचा.

"काय करू ताई, लांबचा बॉल बगितला की माज्यान रावत नाय," तो मला म्हणायचा.

प्रायर कपाळावर हात मारायचा. "जो बॉल तुमचा नाही तो मारू नका," हे वाक्य त्यानं त्या तीन महिन्यांत हजार वेळा म्हटलं असेल.

त्याची स्वतःची कहाणी मला डिसेंबरात कळली. जपानी संघाशी आमचा पहिला सामना होता. सामन्याआधी त्यांचे मॅनेजर आले, कुसुदा. रिफायनरीत नवं युनिट बांधणाऱ्या त्यांच्या कंपनीचे इथले प्रमुख, साठीचे, नीटस, पांढरी टोपी. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि प्रायरला विचारलं, बेसबॉल कुठं शिकलात. प्रायर म्हणाला, "इकडे तिकडे." कुसुदा हसले आणि आपल्या बाकाकडे गेले. त्यानंतर प्रायर संपूर्ण सामनाभर एक शब्द बोलला नाही. आम्ही हरलो. घरी आल्यावर मी चहा घेऊन खाली गेले, तेव्हा तो अंधारात नाही, चांगला लख्ख उजेडात, खिडकीपाशी हातांकडे बघत बसला होता.

"तो माणूस मला ओळखतो की नाही, ते मला कळलं नाही," तो म्हणाला. "मी त्याला ओळखतो."

मग त्यानं सांगितलं. अलाबामातला मुलगा, चेंडू लांब मारणारा. त्याच्या देशातल्या छोट्या संघांनी सांगितलं, आमच्याकडे एक काळा आहे, दुसरा नको. म्हणून तो मेक्सिकोला गेला. तिथून साठ साली जपानमध्ये, एका बंदराच्या गावी, कापडगिरण्यांच्या लीगमध्ये. त्या लीगमधला तो पहिला काळा खेळाडू. पोरं त्याच्या हाताला बोट लावून बोट बघायची, रंग लागला का म्हणून. गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात तो उतरला की मालक नंतर पाणी बदलायचा. दुसऱ्या वर्षी तो असा खेळला की तोच मालक त्याची पाठ घासून द्यायला यायला लागला. तो जपानी शिकला. गिरणीत रात्रशाळेत शिकवणारी एक मुलगी होती, तिच्या घरच्यांशी बोलणं झालं होतं. तिचे वडील म्हणाले होते, लीगचा पहिल्या नंबरचा बॅट्समन झालास तर गिरणी तुला पक्कं ठेवील, मग बघू.

बासष्ट साली शेवटच्या दिवशी तो पहिल्या नंबरच्या अगदी जवळ होता. चारशे बारा खेळ्यांत, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्यांत, एकशे एक्केचाळीस हिट; हिट म्हणजे मारून सुखरूप बेस गाठणं, आणि नंबर लागतो तो हिटांना खेळ्यांनी भागून. पुढे एकच जण, समोरच्या संघातला, तीनशे बावन्न खेळ्यांत एकशे एकवीस. तो त्या दिवशी खेळलाच नाही, बाकावर बसून राहिला, सरासरी बिघडू नये म्हणून. प्रायरला पहिल्याच खेळीत एक हिट मिळाला असता तर तो पुढे गेला असता.

"आणि?"

"दोन सामने होते. मी आठ वेळा बॅट घेऊन उभा राहिलो. आठही वेळा त्यांचा कॅप्टन, जो मागे बॉल पकडत होता, तो उठून बाजूला जाऊन उभा राहिला आणि पिचरला चार बोटं दाखवली." प्रायरनं उजव्या हाताची चार बोटं वर केली, अंगठा आत मुडपून. "बत्तीस बॉल. बत्तीसही टप्प्याबाहेर. वॉक खेळी म्हणून मोजत नाहीत. मी चारशे बारावरच राहिलो."

तो कॅप्टन कुसुदा.

गिरणीनं पुढच्या वर्षी त्याला घेतलं नाही. पहिला नंबर नसलेला परदेशी माणूस महाग पडतो म्हणाले. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं नाही. मग इटलीत दोन मोसम, तिथंही त्या संघातला पहिला काळा. तिथं गुडघा गेला. मग यंत्रं दुरुस्त करत लिबिया, सौदी, आणि लढाई संपल्यावर कुवेत. जिथं गेला तिथं तो पहिला होता, आणि कुठेच त्याला मनासारखं थांबता आलं नाही.

माझ्या हातातला चहा निवला होता. माझं रक्त मात्र उकळत होतं. मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर विचारते मी त्याला. लीगच्या जेवणाच्या वेळी. माइकवरून."

"नाही."

"मग मी त्याच्या संघाच्या प्रत्येक माणसाला..."

"नाही, मॅडम." तो शांत होता, पण ती शांतता काही चांगली नव्हती. "मला त्याची माफी नको. माफी मागितली की मग मला ती द्यावी लागेल. मला एक हिट हवा आहे. त्याच्या संघाविरुद्ध, तो बघत असताना. मार्चअखेरीस माझा करार संपतो आणि मी कायमचा जातो. त्याआधी."

हे मला इतकं पटलं की मी त्याच क्षणी ठरवलं, हा हिट त्याला मिळवून द्यायचा. शशिकांतला रात्री जेवताना सांगितलं, तर तो म्हणाला, "पस्तीस वर्षं झाली गं. सुंभ जळला असेल आता."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात भाजी वाढली, कारण त्यानं मलाही त्यात धरलं होतं हे मला कळलं होतं.

लीगच्या कागदावर प्रायरचं नाव कोच म्हणून होतं. संघाची नवी यादी जानेवारीत द्यायची होती. ती मी भरली आणि शेवटी खेळाडूंत त्याचं नाव घातलं. वयाची अट कुठं लिहिलेली नव्हती. लीगच्या अमेरिकन सेक्रेटरीनं यादी वाचून भुवया वर केल्या. मी त्याच्याकडे अशी बघत राहिले की त्यानं शिक्का मारला. सेक्रेटरी लोकांकडे कसं बघायचं ते मला चौऱ्याहत्तरपासून माहीत आहे.

मग आम्ही अंतिम सामन्यापर्यंत कसे पोचलो ते माझ्या खांद्याला विचारा. मी त्या मोसमात जीव खाऊन बॉल टाकले. मयूरचे तळहात सुजले. दर सामन्यानंतर मी बर्फाची पिशवी खांद्यावर बांधून स्वयंपाक करायची. फेब्रुवारीत इराकवर पुन्हा हल्ला होणार अशी हवा झाली, लोक गॅसचे मास्क शोधत फिरायला लागले, अर्धी कुटुंबं मायदेशी गेली, सामने दोन शुक्रवार पुढे ढकलले. मला सद्दामचा कधी आला नव्हता इतका राग तेव्हा आला. प्रायरचे दिवस चालले होते.

शेवटी मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी अंतिम सामना झाला. आम्ही आणि कुसुदांचा संघ. कासमनं पंचांना आधीच बजावलं होतं, साडेअकराच्या आत संपवा, जुम्म्याची नमाज चुकवणार नाही. पंच म्हणजे एक फिलिपिनो फोरमन, धिप्पाड आणि नियमाला कडक.

सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात ते पाच, आम्ही चार. बॅटिंग आमची. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास. मयूर तिसऱ्या बेसवर, एक नाशिकचा मुलगा दुसऱ्यावर. पहिला बेस रिकामा. एका चांगल्या हिटवर दोघंही घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आले असते, दोन रन झाले असते आणि आम्ही जिंकलो असतो. आणि बॅटिंगची पाळी माझी होती.

इथं मी खोटं बोलणार नाही. मला ती पाळी हवी होती. असा दिवस मी सतरा वर्षांची असल्यापासून मागत होते. अंतिम सामना, शेवटचा डाव, बाजूला जुईली बसलेली, शशिकांत बसलेला. मी बॅट उचलली आणि दोन पावलं चालले. मग बाकाकडे बघितलं. प्रायर उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, आणि माझ्याकडे बघत नव्हता. मागावंसं वाटत असूनही मागायचं नाही म्हणून तो मैदानाच्या पलीकडे बघत होता.

मी परत फिरले. "माझा खांदा गेला," मी पंचांना म्हटलं. "बदली."

"कोण?"

मी बॅट प्रायरच्या हातात दिली. चौऱ्याहत्तरला माझी जागा काढून घेतली होती. त्या दिवशी मी ती दिली.

प्रायर लंगडत चौकोनात जाऊन उभा राहिला. जपानी बाकावर हसू फुटलं, अगदी वाईट नव्हे, म्हातारा निरोपाचा एक फटका मारून घेतोय अशा कौतुकाचं. त्यांच्या पिचरनंही हळू टाकावा म्हणून बोटं सैल केली. आणि तेव्हा कुसुदा बाकावरून उठले. टोपी काढली. पिचरकडे बघून उजवा हात वर केला.

चार बोटं. अंगठा आत मुडपलेला.

पहिला बेस रिकामा होता, त्यामुळे डावपेच म्हणून त्यात काही चूक नव्हती. पण त्रेसष्ट वर्षांच्या लंगड्या माणसाला घाबरून वॉक कोण देतं? त्यांचा पिचरसुद्धा वळून बघायला लागला. कुसुदांनी हात खाली घेतला नाही.

आणि मला एकदम सगळं उलगडलं. ज्याला प्रायर कोण ते माहीत नाही, त्यानं त्याला खुशाल बॉल टाकू दिला असता. हा माणूस पहिल्या दिवसापासून ओळखत होता. तो नमस्कार, ते हसू, "कुठं शिकलात" हा प्रश्न, सगळं माहीत असून. मी दात-ओठ खात उभी राहिले. आता वॉक मिळणार, पुढचा कासम, कासम बाद होणार, आणि प्रायर पुन्हा चारशे बारावर राहून विमानात बसणार.

पहिला बॉल चांगला हातभर बाहेर. प्रायर हलला नाही. दुसरा तसाच. तिसरा तसाच. कासम माझ्या शेजारी बॅट घेऊन बसला होता, ओठ हलत होते, दुवा मागत होता की शिव्या देत होता कळत नव्हतं.

"चाचा सोडतोय काय," तो पुटपुटला. "मी आसतो तर मारला आसता."

चौथा बॉल पिचरनं कंटाळून टाकला. बाहेरच, पण आधीच्या तिघांएवढा नाही.

प्रायरनं उजवा पाय फक्कीच्या रेषेपर्यंत ओढला, अंग पार झुकवलं, बॅटच्या मुठीचं टोक एका हातात धरलं आणि ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल मारावा तसा तो मारला. अगदी कासमचा फटका. हजार वेळा ज्यासाठी आमच्यावर ओरडला, तो फटका. बॉल पहिल्या बेसवरच्या माणसाच्या डोक्यावरून गेला आणि उजव्या बाजूच्या मोकळ्या रेतीत पडला. तिथला खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा होता. तो पळायला लागेपर्यंत मयूर अर्ध्या वाटेवर होता.

पण दोन गडी बाद होते. प्रायर पहिल्या बेसवर पोचायच्या आत बॉल तिथं पोचला असता तर सगळं फुकट, मयूरचा रन नाही, हिटही नाही. वीस-एक यार्ड होते. आणि प्रायरला पळता येत नव्हतं.

तो पळाला. मी माणसाला असं पळताना बघितलेलं नाही. उजवा पाय मागे ओढत, आणि बॅट हातातच. काठीसारखी रेतीत रोवत, प्रत्येक पावलाला तिच्यावर भार टाकत. आमचा सगळा बाक उभा राहिला होता आणि कुणाच्या तरी तोंडून निघालं, "बॅट टेकव, बॅट टेकव," जणू शिवाजी पार्क आहे. लांबून बॉल सुटला. प्रायरचा गुडघा बेसपासून तीन हातांवर दगा देऊन गेला, तसा कट्ट झाल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी आजही म्हणते, शशिकांत म्हणतो शक्य नाही. तो आडवा पडला, छातीवर घसरला, आणि डावा हात बेसवर पडला. मग बॉल आला.

पंचांनी दोन्ही हात बाजूला पसरले. सेफ.

नाशिकचा मुलगाही तोवर घरी पोचला होता. सहा-पाच. पण कुणी नाचलं नाही, कारण कुसुदा शांतपणे चालत पंचांकडे गेले होते. पाय चौकोनाच्या बाहेर होता, त्यांचं म्हणणं. पंच वाकले, आम्ही सगळे वाकलो. फक्कीच्या रेषेवर बुटाच्या चवड्याचा ठसा होता. टाच आत, चवडा रेषेवर, रेष ओलांडलेली नव्हती. फिलिपिनो फोरमननं बोटानं ठसा दाखवला आणि मान हलवली.

प्रायर अजून बेसवरच पडला होता. उठू शकत नव्हता. कुसुदा तिथं गेले, गुडघे टेकून बसले, आणि म्हणाले, "प्रायर-सान." मग जपानीत दोन-तीन वाक्यं. पुढे आपला हात केला.

मी तिथंच उभी होते, प्रायरचं डोकं मांडीवर घेण्याच्या बेतात. त्यानं त्या हाताकडे बघितलं. मग स्वतःचा उजवा हात, रेतीनं माखलेला, वर केला. अंगठा आत मुडपून चार बोटं दाखवली, कुसुदांच्या तोंडासमोर, अगदी सावकाश. आणि मान दुसरीकडे वळवली.

कुसुदा बराच वेळ वाकलेले राहिले. नंतर उठून गेले. त्यांच्या पांढऱ्या पँटला गुडघ्यांवर रेती लागली होती आणि त्यांनी ती झटकली नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं का? शशिकांतला वाटलं. म्हातारा माणूस, गुडघ्यावर बसला होता बिचारा, असं तो गाडीत म्हणाला. मला बरं वाटलं. इतकं बरं की खांदा दुखत होता तेही विसरले. कासम नमाजेला धावला आणि जाताना ओरडून गेला, "माजा फटका हाय तो, चाचाला सांगा."

दवाखान्यात समजलं की प्रायरच्या गुडघ्यात आता तुटायला काही उरलं नव्हतं. मी त्याला विचारलं, कुसुदा काय बोलले.

"म्हणाले, त्या दिवशीचा हुकूम वरून होता. त्यांच्या मनात नव्हतं."

"आणि आजचा?"

"तेच विचारणार होतो," तो म्हणाला. "मग वाटलं, बोटांनीच विचारावं."

मार्चअखेरीस आम्ही त्याला विमानतळावर सोडायला गेलो. चाकाच्या खुर्चीत बसला होता. बॅट मांडीवर घेऊन जायचा हट्ट होता, पण सिक्युरिटीनं ती सामानात टाकायला लावली. जुईलीनं खुर्ची ढकलली. ती वाटेत त्याला म्हणाली, "इट वॉजन्ट जस्ट अ गेम, वॉज इट?" आणि माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

निघताना त्यानं खिशातून बॉल काढून माझ्या हातात दिला. तोच बॉल. निळ्या बॉलपेननं त्यावर दोन आकडे लिहिले होते. ४१३ आणि खाली १४२. देवनागरी आकडे त्यानं मयूरकडून शिकून घेतले होते.

"तुमची खेळी मी घेतली," तो म्हणाला. "ती तुमची राहिली."

"राहू दे. ती चौऱ्याहत्तरच्या त्या सेक्रेटरींकडून घ्यायची, ते मला माहीत आहे."

घरी आल्यावर शशिकांत म्हणाला, हे धरता येणार नाही, तो बेसबॉल होता, हा सॉफ्टबॉल, आणि मध्ये छत्तीस वर्षं. मी कॅल्क्युलेटर त्याच्या पुढ्यात ठेवला. तो इंजिनिअर आहे, आकडा समोर आला की त्याला राहवत नाही. त्यानं एकशे बेचाळीसला चारशे तेरानं भागलं, मग त्या दुसऱ्या माणसाच्या एकशे एकवीसला तीनशे बावन्ननं. दोन्ही उत्तरं कागदावर एकाखाली एक लिहिली. दशांशानंतर तीन आकडे सारखे होते. चौथ्यावर प्रायर पुढे होता.

शशिकांतनं चौथ्या आकड्याखाली रेघ मारली. "एवढ्याशा फरकानं," तो म्हणाला.

"एवढाच हवा होता," मी म्हटलं.

बॉल मी बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवला, आकडे दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतील असा वळवून. कुसुदा आमच्याकडे कधी चहाला येणार नव्हते, तरीही.